मॉरिशसची मेट्रो: घर भाड्याने घेण्याआधी वाचा

नोकरीसाठी मॉरिशसला आलं की घर दाखवणारे एजंट आधी समुद्र दाखवतात. मलाही फ्लिक आँ फ्लाकचा एक सुंदर फ्लॅट दाखवला होता, गॅलरीतून लाटा दिसणारा. मी घर घेतलं रोझ हिलला, स्टेशनपासून चालत जाता येईल असं. माझा इथे जम बसला त्याचं मोठं श्रेय मेट्रो एक्स्प्रेसला, म्हणून हा रिव्ह्यू तिचा.

मी नाशिकची, चार्टर्ड अकाउंटंट. ऑफिस एबेनच्या सायबरसिटीत, म्हणजे इथल्या ऑफिसांच्या वसाहतीत, काम परदेशी फंडांच्या हिशेबाचं. रोझ हिलहून एबेनमार्गे रेद्वीला जाणारा फाटा 2023 मध्ये सुरू झाला, त्यामुळे मला गाडी घेण्याची घाई करावी लागली नाही. परक्या देशात पहिला पगार हातात येण्याआधीच कर्ज काढून कार घ्यावी लागत नाही, हे केवढं मोठं ओझं उतरणं आहे ते नव्याने येणाऱ्यालाच कळेल. डबे स्वच्छ, एसी चांगला, आणि स्मार्टकार्ड टेकवलं की काम झालं.

पण ही मेट्रो खरी अनुभवायची तर राजधानी पोर्ट लुईस ते क्युरपीप पूर्ण प्रवास करा. अंतर साधारण 26 किलोमीटर. भारताच्या अर्थसाहाय्याने आणि लार्सन अँड टुब्रोच्या हातून झालेलं हे काम. 2019 मध्ये रोझ हिलपर्यंतच्या टप्प्याचं उद्घाटन झालं, 2022 मध्ये गाडी क्युरपीपला पोचली. या बेटावर 1864 पासून शंभर वर्षं आगगाडी होती, आणि आजचे रूळ बऱ्याच ठिकाणी त्याच जुन्या वाटेने जातात. पोर्ट लुईस बंदराकाठचं, दमट. क्युरपीप साडेपाचशे मीटर उंचीच्या पठारावर. जुलै-ऑगस्टात, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, खाली शर्टाच्या बाह्या दुमडून चढलेली माणसं फिनिक्स-वाक्वाच्या आसपास बॅगेतून स्वेटर काढायला लागतात. शेजारच्या काकू न बोलता खिडकीकडे बोट दाखवतात, तोवर काचेवर पावसाची रेघ उमटलेली असते. उष्ण कटिबंधातलं बेट म्हणून नुसते सुती कपडे भरून आणू नका. एक जाड स्वेटर आणि वाऱ्यात उलटी न होणारी छत्री हवीच.

पोर्ट लुईसच्या शेवटच्या स्टेशनाला लागूनच आप्रवासी घाट आहे, बंदरातला जुना पायऱ्यांचा धक्का. 1834 पासून भारतातून करारावर आणलेले मजूर याच पायऱ्यांवरून वर आले. मुंबई बंदरातून निघालेली मराठी माणसंही त्यांत होती. मी लॅपटॉप आणि वर्क परमिट घेऊन विमानाने आले. ते कशा अवस्थेत उतरले असतील, हे तिथे उभं राहिल्यावर फार आत लागतं. त्यांच्या पुढच्या पिढ्यांमुळे आज इथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि शाळांमधून मराठी शिकता येतं.

रोझ हिलला उतरलात तर दालपुरी खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. डाळीचं खारं पुरण भरलेली, तव्यावर तेलाचा हात फिरवून भाजलेली, पुरणपोळीची खारी बहीणच. ती जोडीनेच देतात. मध्ये पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची रस्सेदार उसळ, रुगाय म्हणजे टोमॅटोचा मसालेदार रस्सा, कोथिंबिरीची चटणी, आणि मागितलीत तर मिरचीचा ठेचा. कागदात गुंडाळून हातात ठेवतात. रस मनगटावर यायच्या आत संपवायची. घरच्या जेवणाची आठवण अनावर झाली की मी हीच खाते.

उणिवाही सांगते. मेट्रो विमानतळापर्यंत जात नाही. ग्राँ बेसारखी उत्तरेकडची गावंही तिच्यावर नाहीत आणि पश्चिम किनाराही नाही. तिकडे बस, आणि संध्याकाळनंतर बस कमी होत जातात. त्यामुळे ज्यांचं काम हॉटेलात किंवा रिसॉर्टवर आहे त्यांना या मेट्रोचा फारसा उपयोग नाही. त्यांनी कामाच्या जवळच राहावं. ऑफिस एबेन किंवा पोर्ट लुईसला असेल तर मात्र रोझ हिल, बो बासाँ, कात्र बोर्न या पट्ट्यातच घर बघा. समुद्र रविवारी बसनेही गाठता येतो.

आणि जानेवारी ते मार्च चक्रीवादळाच्या इशाऱ्यांकडे लक्ष ठेवा. इशारा चार श्रेणींत देतात. तिसरी श्रेणी लागली की ऑफिसं, बस, मेट्रो सगळंच थांबतं. 2024 च्या जानेवारीत बेलाल वादळात पोर्ट लुईसच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या होत्या. तेव्हा ऑफिसातून लवकर निघा म्हणाले की हातातलं काम तसंच ठेवून उठा आणि मिळेल ती गाडी पकडा.