लिमाच्या जुन्या इंजिनाला सीडीची मोटर : सात महिने वापरून, आणि तिच्या पिनियनबद्दल

मामांनी १९८६ साली मस्कतहून आणलेलं लिमा या इटालियन कंपनीचं खेळण्यातल्या रेल्वेचं डिझेल इंजिन आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या घरात माळ्यावर पडून होतं. फेब्रुवारीत खाली काढलं आणि रुळावर ठेवलं तर नुसतं गुरगुरायचं, दहा मिनिटांत बोगी (इंजिनाखालचा चाकांचा सांगाडा, मोटर त्यातच असते) तापून जळका वास. उघडून बघितलं तर कम्युटेटरच्या (मोटरच्या फिरत्या भागावरचे तांब्याचे तुकडे) फटीत कार्बनचा काळा चिखल आणि त्याला घासून करंट देणारे ब्रश पार झिजलेले. तीन पोलची, म्हणजे फिरत्या भागावर तीनच गुंडाळ्या असलेली, चपटी पॅनकेक मोटर, ज्यांच्याकडे लिमा आहे त्यांना हे नवीन नाही. साफ केली, आठ दिवस चालली, परत तेच.

मग सगळे करतात तेच केलं, जुना आर्मेचर (तो फिरता भाग) आणि मॅग्नेट काढून त्या जागी सीडी ड्राइव्हची छोटी मोटर. ती बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधून फुकटच मिळाली. फक्त दात जुळणारं पितळी पिनियन (मोटरच्या शाफ्टवर बसणारं छोटं दाती चाक) ऑनलाइन मागवलं, कुरिअर धरून ४८० रुपये. तुरीच्या डाळीएवढ्या तुकड्याला ४८०, हे मला अजून पचलेलं नाही.

पहिला दीड महिना कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं की या मोटरच्या नादाला लागू नका. जोरात ठीक, पण हळू सोडलं की टक, टक, टक, प्रत्येक टकला इंजिन अडखळायचं. दोन मोटरी बदलल्या. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) रूळ पुसले. लिमात एका रुळाचा करंट एका बोगीतून आणि दुसऱ्याचा दुसऱ्या बोगीतून येतो, म्हणून रुळावरून करंट उचलणारे जादा पिकअप लावले, त्याने सांध्यावर बंद पडणं थांबलं पण टक तशीच.

शेवटी पिनियनच्या एका दातावर मार्करने ठिपका दिला आणि बोटाने फिरवत बसलो. ठिपका खाली आला की गिअर घट्ट, वर गेला की सैल. म्हणजे मोटरचा काही दोष नव्हता बघा, पिनियनचं भोकच मधोमध नव्हतं. विकणाऱ्याला व्हिडिओ पाठवला, बारा दिवसांनी उत्तर आलं, "तुम्ही बसवताना वाकवलंय, रिटर्न होत नाही." वाकायला ती काय तार आहे?

उद्यमबागच्या औद्योगिक वसाहतीत ओळखीच्या एका काकांचं लेथ आहे, तिकडे नेलं. त्यांनी पिनियन लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, दातांवरून पकडून भोकात डायलची (बारीक फरक दाखवणाऱ्या घड्याळासारख्या मापकाची) टोचणी टेकवली आणि चक हाताने सावकाश फिरवला, काटा पंधरा रेघा इकडून तिकडे. म्हणाले, "अरे, हे ड्रिल मारतानाच सरकलंय की." भोक मोठं करून त्यात पितळी बुश (नळीसारखा तुकडा) ठोकला आणि त्यात २ मिमीचं भोक नव्याने मारलं. दीडशे रुपये द्यायला लागलो तर शंभरच घेतले.

त्या दिवसापासून इंजिन असं सरकतं की रुळाच्या सांध्याचा आवाज वेगळा ऐकू येतो. ही मोटर सहा व्होल्टच्या आसपासची आणि रुळांना वीज देणारा कंट्रोलर १२ देतो, म्हणून व्होल्टेज थोडं उतरवायला एकाच दिशेने करंट जाऊ देणाऱ्या डायोडच्या चार उलटसुलट जोड्या सिरीजमध्ये टाकल्या, प्रत्येक जोडी साधारण ०.७ व्होल्ट खाते. जोडी उलटसुलटच हवी, नाहीतर इंजिन एकाच दिशेला चालेल. मॅग्नेट गेल्याने वजन कमी झालं होतं, टायरवाल्याकडून बॅलन्सिंगचं शिसं आणून चिकटवलं. ओढ मात्र कमी झाली हे खरंच, आधी सहा डबे ओढायचं ते आता चारच, चढावर दोन.

पण गणपतीत आरास म्हणून मखराभोवती रूळ टाकले, पूर्ण आरती होईपर्यंत गाडी फिरत राहिली आणि नंतर बोगीला हात लावला तर नुसती कोमट. मामा ८१ वर्षांचे आहेत, आरती झाल्यावर खुर्ची ओढून मखरासमोर बसले ते जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत.

कुणी करणार असाल तर पिनियन आलं की आधी सुट्या शाफ्टवर हलकं बसवा, शाफ्टची दोन्ही टोकं बोटात धरून उजेडासमोर फिरवा. दातांची कड वरखाली नाचताना दिसली तर मोटरला हात लावू नका, सरळ लेथवाल्याकडे जा. माझ्या ४८० रुपयांसाठी विकणाऱ्याला परवा परत मेसेज टाकलाय, या वेळी डायलचा फोटो जोडून.