‘जबाबदारी घ्या’ असे शिकवणाऱ्यांनी घेतलेले १,२३,०९८ रुपये

शेअर बाजार शिकवणारी शिबिरे कशी चालतात हे बहुतेकांना ठाऊक असल्यामुळे ९९ रुपयांचे ऑनलाइन व्याख्यान, मग ४,९९९ रुपयांचे हॉटेलच्या सभागृहातील निवासी शिबिर आणि शेवटी १,१८,००० रुपयांचे ‘वैयक्तिक मार्गदर्शन’ ही चढती भाजणी मी सविस्तर सांगत नाही. माझे स्टेशनरीचे दुकान तोट्यात होते, मुलीच्या शिक्षणाचा खर्च समोर होता, आणि रडत बसण्यापेक्षा नवे काही शिकावे असे वाटणे हा गुन्हा आहे, असे मला आजही वाटत नाही.

व्यासपीठावरून जे सांगितले जात होते ते तर कोणालाही पटेल असेच होते. सरकारला, नशिबाला, नातेवाइकांना दोष देऊ नका. तुमच्या परिस्थितीला तुमचेच निर्णय कारणीभूत आहेत. शिका आणि निर्णय बदला. याच्याशी वाद कोण घालणार? मात्र शिकवणे आवडले नाही तर फी परत मिळेल का, असे मी विचारले तेव्हा व्यासपीठावरच्या गृहस्थांनी माइक माझ्या दिशेने धरून सभागृहाला सांगितले, “पाहा, हे अजूनही बाहेर पडायची वाट शोधत आहेत, जबाबदारी टाळणारा माणूस असा बोलतो.” टाळ्या वाजल्या. साध्या व्यवहारातला साधा प्रश्न विचारल्याबद्दल गिऱ्हाइकाला चारचौघांत लाजवले जाते, तेव्हा उत्तर मिळालेलेच असते. तिथूनच उठून यायला हवे होते. पण अख्खे सभागृह टाळ्या वाजवत असताना एकट्याने उठून जाणे वाचताना जितके सोपे वाटते तितके नसते.

जागेवर २०,००० रुपये यूपीआयने घेतले आणि उरलेल्या ९८,००० रुपयांचे ७,००० रुपयांप्रमाणे १४ ‘विनाव्याज हप्ते’ करून देतो असे म्हणत एका मुलाने माझ्याच फोनवर अर्ज भरला. ते हप्ते नव्हते, एका वित्तसंस्थेचे माझ्या नावावरचे कर्ज होते. शिबिर घेणाऱ्या संस्थेला तिचे पैसे लगेच मिळाले आणि माझ्या खात्यातून वसुलीचा ई-मँडेट, म्हणजे दरमहा हप्ता आपोआप कापून घेण्याची परवानगी, सुरू झाला. अशा डिजिटल कर्जात ठरावीक मुदतीच्या आत मुद्दल आणि तेवढ्याच काळाचे व्याज-शुल्क भरून दंडाविना बाहेर पडता येते आणि ती मुदत कर्जाच्या तथ्यपत्रकात लिहिलेली असते; म्हणून ओटीपी सांगण्यापूर्वी ते पत्रक मागा. अर्थात माझे मुद्दल तोवर त्यांच्या खिशात गेले होते. पावतीवर जीएसटीचे १८,००० रुपये लावले होते, पण १५ अक्षरी जीएसटी क्रमांकच नव्हता.

मार्गदर्शन म्हणजे एक टेलिग्राम गट निघाला, ज्यावर रोज सकाळी हा कॉल घ्या, तो पुट विका (शेअरचा भाव चढेल की पडेल यावर लावलेले ऑप्शनचे सौदे) असे आदेश येत. त्यात आणखी ३१,४०० रुपये गेले. विचारले तर उत्तर ठरलेले होते: तुम्ही शिस्त पाळली नाही, नुकसानीची जबाबदारी घ्या. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शन व्यवहारांतील ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदार तोट्यात गेले, हे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले आहे. मग हे सगळेच बेशिस्त होते काय?

पोलीस ठाण्यात सांगितले की हा दिवाणी वाद आहे, शिवाय “तुम्ही तर शिकलेले दिसता.” सायबर विभाग म्हणाला, ओटीपी तुम्ही स्वतः दिलात. वित्तसंस्थेने शिकवणीच्या दर्जाशी आमचा संबंध नाही म्हणून कानावर हात ठेवले आणि हप्ता चुकल्यास सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, खराब होईल, हे मात्र न विचारता सांगितले. सेबीच्या स्कोअर्स या तक्रारव्यवस्थेत सूचीबद्ध कंपन्या आणि सेबीकडे नोंदणी असलेले मध्यस्थ अशांविरुद्धच्याच तक्रारी घेतल्या जातात. म्हणजे ही मंडळी नोंदणीविना सल्ले विकतात ही माझी तक्रार, आणि नोंदणी नाही म्हणूनच ती तिथे चालणार नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनने तक्रार संस्थेकडे पाठवली, संस्थेने ‘सेवा दिली आहे’ असे कळवले आणि प्रकरण बंद झाले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. ज्याचे दार ठोठावले त्या प्रत्येकाने मलाच जबाबदारी शिकवली. पगार घेऊन खुर्चीवर बसणाऱ्यांची काही जबाबदारी असते की नाही, हे कोणी सांगितले नाही.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. करारात ‘वाद फक्त पुण्यात चालेल’ असे छापलेले असले तरी घाबरू नका, तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. कायद्याने अशा तक्रारी तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा असतो, पण समोरचा वकील मुदत मागतो आणि त्याला ती मिळते. बाजाराविषयी शिकायचेच असेल तर सेबीची गुंतवणूकदार प्रमाणपत्र परीक्षा मोफत आहे, आणि सल्ला विकत घ्यायचा असेल तर देणाऱ्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर आधी तपासा. त्याच सभागृहात माझ्याबरोबर ज्यांनी पैसे भरले, त्यांनी पावत्या, कर्जाचे कागद आणि गटातील संदेश पुसून टाकू नयेत. एकाच स्वरूपाची तक्रार असलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते.