बिनओव्हनच्या कॉर्नफ्लेक्स-पीनट बटर वड्या : पावसाळा ते मे, सगळ्या हवेत करून झाल्यावर

आधीच सांगून टाकते, ह्या वड्यांना ओव्हन लागत नाही एवढं खरं आहे, बाकी ते "पाच मिनिटांत तयार" वगैरे व्हिडिओत म्हणतात ते काही खरं नाही. गॅससमोर पाचच मिनिटं लागतात हे मान्य, पण दाणे भाजा, सालं काढा, मिक्सर लावा, मग ताटाला तूप, मग गार होईपर्यंत पोरांना ताटापासून लांब ठेवा, हे सगळं धरलं तर संध्याकाळ जाते. तरीपण मागच्या पावसाळ्यापासून आमच्या घरात ह्या वड्यांचा डबा रिकामा म्हणून राहिलेला नाही, त्यामुळे म्हटलं आता नीट लिहावं.

मूळ प्रकार अमेरिकेतला. तिकडे केलॉग्ज कंपनीच्या किचनमध्ये १९३९ साली मार्शमेलो वितळवून त्यात राइस क्रिस्पीज (तांदळाचे फुगवलेले कुरकुरीत दाणे) घालून वड्या केल्या, त्या इतक्या चालल्या की रेसिपी पाकिटावर छापायला लागले. पुढे साठच्या दशकात त्याचाच पीनट बटरवाला भाऊ आला, स्कॉचरूज म्हणतात त्याला, साखर, कॉर्न सिरप (मक्याचा गोड पाक), पीनट बटर आणि वरून चॉकलेट-बटरस्कॉचचा थर. माझी नणंद आयोवात असते, तिथे म्हणे कुठल्याही पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) गेलं की एका ट्रेमध्ये हे असतंच. तिने फोनवर प्रमाण सांगितलं, एक कप साखर, एक कप कॉर्न सिरप, एक कप पीनट बटर, सहा कप राइस क्रिस्पीज. ऐकूनच माझे दात आंबले. शिवाय डोंबिवलीत कॉर्न सिरप शोधत कोण फिरणार, आणि मार्शमेलोत बहुतेक वेळा जिलेटिन असतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्याचं, म्हणजे आमच्याकडे आईंना (सासूबाई) चालणारच नाही.

तर मुद्द्याचं. लोक विचारतात पीनट बटर कुठलं घेतेस. मी म्हणते पीनट बटर कुठलंही घ्या, वडी बिघडते ती पाकावर. एवढे महिने करून माझं हेच मत झालंय. महागातल्या डब्याची आणि घरच्या मिक्सरमधल्याची शेजारी शेजारी केली तर खाणाऱ्याला धड ओळखता येत नाही, पण पाक अर्धा मिनिट जास्त उकळला की दात दुखतात आणि कमी उकळला की वडी हातात घेतली की भुगा.

साखरेचा पाक मी सोडूनच दिला, दुसऱ्या दिवशी दाणेदार व्हायचा. कॉर्न सिरप तिकडे घालतात ते ह्याच्यासाठीच, साखरेचे खडे परत होऊ नयेत म्हणून. आपल्याकडे तेच काम काकवी करते! उसाचा रस कढवताना गूळ व्हायच्या आधी जी पातळ अवस्था असते ती काकवी, आणि ती सहजासहजी साखरत नाही. त्यामुळे वडी चार दिवसांनीही मऊ-चिवट राहते. माझी काकवी कोल्हापूरहून येते, गावाकडून कोणीतरी आणतंच, नसेल तर बचत गटांच्या प्रदर्शनात मिळते. एक मात्र बघा, काही काकवी पातळ असते, पाणी जास्त, ती जास्त वेळ उकळावी लागते, आणि काही किंचित खारट लागते, तेव्हा वेगळं मीठ घालू नका. बाटली उघडली की फ्रीजमध्ये, नाहीतर उन्हाळ्यात आंबते.

माझं प्रमाण: तीन कप कॉर्नफ्लेक्स, अर्धा कप पीनट बटर, अर्धा कप काकवी, चमचाभर तूप, चिमूट मीठ. जाड बुडाच्या पातेल्यात काकवी आणि तूप मंद आचेवर ठेवायचं, कडेला बुडबुडे येतील, मग हळूहळू सगळीकडून फेस वर चढतो, तो पूर्ण वर आला की मनात साठ मोजायचे आणि गॅस बंद. वाटीभर पाण्यात थेंब टाकून बघा, बोटांनी मऊ गोळी वळली पाहिजे, चेपली की चेपणारी. वाटीत टणकन वाजली तर तो चिक्कीचा पाक झाला, मग त्याची चिक्कीच करा, वडी विसरा. पीनट बटर गॅस बंद केल्यावरच घालायचं, हे मी जाड अक्षरात लिहिलं असतं. आचेवर घातलं की तेल सुटतं आणि खाली रवाळ गोळा बसतो, मग कितीही ढवळा. आणि पातेलं, चमचा कोरडे पाहिजेत, पीनट बटरमध्ये दोन थेंब पाणी गेलं तरी ते पातळ व्हायच्या ऐवजी घट्ट होतं, आणि वर दूध घालून सैल करायला जाल तर फ्लेक्स मऊ पडतात. माझ्या जावेने तेच केलं होतं, शेवटी ते चमच्याने वाटीतून खाल्लं सगळ्यांनी, चव छान होती हो.

काकवी नसेल तर किसलेला साधा गूळ पाऊण कप आणि दोन चमचे पाणी. चिक्कीचा गूळ नको, त्याने वडी कडक होते, तो त्यासाठीच असतो. मधाच्याही केल्यात, मऊ छान होतात पण फ्रीजबाहेर काढल्या की पसरायला लागतात, आणि चांगला मध असा उकळायला मला जिवावर येतं. वर्षाच्या आतलं बाळ घरात असेल तर मधाची त्याला अजिबात देऊ नका.

आता पीनट बटर घरचं की विकतचं. मी दोन्ही वापरते, कंटाळ्यावर अवलंबून. घरी करायचं तर दाणे मंद आचेवर भाजायचे, सालं तडकायला लागली की उतरवायचे, फडक्यात चोळून सुपात पाखडायचे. खवट, काळपट, आक्रसलेला किंवा बुरशीचा वास येणारा दाणा दिसला तर सरळ फेकायचा, त्यात कंजूसपणा नको, बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष भाजून जात नाही. मग मिक्सरचं छोटं भांडं, पाऊण भरेल इतकेच दाणे आणि ते कोमट असतानाच. आधी कूट होतं, ते तर आपल्या हातचंच. मग कडेला चिकटून बसतं, चमच्याने खाली करा, परत फिरवा, मग त्याचा एक ओबडधोबड गोळा होतो आणि इथेच बहुतेक लोक घाबरून तेल ओततात. ओतू नका. दाण्यात जवळपास निम्मं तेलच असतं, ते सुटायला वेळ लागतो एवढंच. थांबत थांबत फिरवलं की अचानक तो गोळा मोडतो आणि भांड्यात चकचकीत, संथ पातळ असं फिरायला लागतं, तो आवाजसुद्धा बदलतो मिक्सरचा, घरघर जाऊन एकदम गुळगुळीत. सलग चालवला तर मिक्सर तापून बंद पडतो, तसं झालं तर तळाशी लाल बटण असतं, दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्या आणि ते दाबा, चालू होतो. रिपेअरवाल्याकडे पळू नका लगेच.

विकतचं घेताना मागचं लेबल वाचा. नुसतं शेंगदाणे लिहिलेलं असेल तर वर तेल तरंगतं, ते खालपर्यंत ढवळून मगच मोजायचं, वरवरचं ओतलं तर वड्या तेलकट आणि डब्याच्या तळाशी शेवटी सिमेंट. ज्यात साखर आणि घट्ट राहायला वनस्पती तेल असतं ते मिसळायला सोपं जातं, पण मग काकवी दोन चमचे कमी करा. अमेरिकेत म्हणे पीनट बटर म्हणायचं तर ९० टक्के दाणेच पाहिजेत असा नियम आहे, आपण निदान पाठीमागचे टक्के तरी बघावेत. चॉकलेट फ्लेवरचं वगैरे ह्यात घालू नका, फार गोड होतं.

कॉर्नफ्लेक्सबद्दल. साधे, बिनसाखरेचे घ्या. आणि किराणावाल्याकडचे चिवड्याचे मक्याचे पोहे म्हणजे कॉर्नफ्लेक्स नव्हेत, ते तळल्याशिवाय खाता येत नाहीत, दगड असतात, एका मैत्रिणीने स्वस्त पडतात म्हणून आणले होते. फ्लेक्स अख्खे घातले तर मध्ये पोकळ राहतं आणि वडी मोडते, म्हणून हाताने एकदाच मुठीत चुरायचे, पीठ नाही करायचं. चॉकलेटवाले चोकोज मुलांच्या हट्टाने घातले, ते गोड अधिक गोड झालं आणि दोन दिवसांत मऊ, परत नाही. ओट्स घालायचे असतील तर आधी कोरडे भाजा, कच्चे ओट्स पीनट बटर पिऊन टाकतात आणि वडी घशात बसते. म्यूस्ली ठीक, पण त्यातले बेदाणे चामट होतात.

आमच्याकडे सगळ्यात जास्त चाललेत ते मात्र कुरमुरे. राइस क्रिस्पीजच्या सगळ्यात जवळचं काही असेल तर तेच, आणि किंमत तर काहीच नाही. फक्त कढईत मंद आचेवर भाजायचे, दोन बोटांत धरून दाबला की कट्कन मोडला पाहिजे, नुसता चेपला तर अजून भाजा. कुरमुरे हलके म्हणून साडेतीन कप घेते. खारे कुरमुरे असले तर मीठ नको. आणि एकादशीला राजगिऱ्याच्या लाह्या! काकवी, दाणे, राजगिरा, तूप, सगळं उपासाचं. लाह्या बारीक, सगळ्यांना पाक लागायला पाहिजे म्हणून त्या दोनच कप घ्यायच्या. आईंनी ह्या प्रकाराकडे आधी ढुंकून बघितलं नव्हतं, राजगिऱ्याच्या खाल्ल्यापासून आता त्याच विचारतात, "अगं, ते तुझं अमेरिकन कधी करणारेस?"

थापायचं कसं तर ताटाला तूप किंवा बटर पेपर, पाक-पीनट बटरमध्ये फ्लेक्स कालवून मिश्रण गरम असतानाच ओतायचं आणि वाटीच्या बुडाला तूप लावून दाबायचं. जीव खाऊन दाबलं तर वीट होते, नुसतं पसरलं तर भुगा, कडा आधी आणि मग मध्ये असं दाबत या. कोमट असतानाच सुरीने रेषा पाडा, पूर्ण गार झाल्यावर कापायला गेलात तर वेड्यावाकड्या तुटतात. ह्या मापात मध्यम अशा सोळा होतात.

चॉकलेटचा थर ऐच्छिक. मी डार्क कंपाउंड वापरते, त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तूप असतं त्यामुळे ते नुसतं वितळवून ओतलं तरी नीट सेट होतं. खऱ्या चॉकलेटची चव वरचढ आहे यात वाद नाही, पण ते चौतीस डिग्रीच्या आसपास वितळतं, म्हणजे इकडच्या एप्रिलमध्ये डब्यातच. डबल बॉयलरमध्ये वितळवताना वाफेचा एक थेंब आत पडला की चॉकलेटचा चिखल होतो, म्हणून वरचं भांडं खालच्यापेक्षा मोठं घ्या. बटरस्कॉच चिप्स मिळाल्या नाहीत, शोधल्याही नाहीत फार.

हवेप्रमाणे फरक पडतो आणि हे कोणी सांगत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे पापडसुद्धा तासाभरात वातड होतात, तेव्हा कॉर्नफ्लेक्स नव्या पाकिटातले असले तरी कढईत तीन-चार मिनिटं परतून घेते, पाक थोडा जास्त ठेवते, आणि डबा सरळ फ्रीजमध्ये. थंडीत चार दिवस बाहेर मजेत राहतात. फ्रीजमध्ये आठ-दहा दिवस, थरांमध्ये बटर पेपर घालून, नाहीतर सगळी एक लादी. खायच्या आधी पाच मिनिटं बाहेर काढा.

हेल्दी आहे का, हा प्रश्न येणारच. प्रोटीन बार म्हणून मिरवू नका, आहे ती मिठाईच. माझ्या हिशोबाने बिनचॉकलेटची एक वडी साधारण शंभर कॅलरीची, आणि एक कोणी खात नाही. विकतच्या बारपेक्षा बरं एवढंच की आत काय गेलंय ते मला माहितीये, आणि खर्च निम्म्याहून कमी, घरचं पीनट बटर असेल तर अजून कमी. शाळेच्या डब्यात द्यायचं तर आधी विचारा, वर्गात कोणाला दाण्याची ॲलर्जी असू शकते. नणंदेच्या मुलाच्या शाळेत तर दाण्याचं काहीच नेता येत नाही, ती सूर्यफुलाच्या बियांचं बटर घालून करते, जमतं म्हणाली, पण चव थोडी कडवट.

तक्रारी म्हणाल तर दोन. पातेलं धुणं हा वैताग आहे, काकवी सुकली की निघत नाही, लगेच त्यातच पाणी उकळायला ठेवा म्हणजे सुटते. आणि सिलिकॉनचे मोल्ड घेऊ नका, मी घेतलेत, दिसतात गोड पण त्यात दाबता येत नाही नीट, आता त्यात बर्फ लावतो आम्ही. सध्या उकाड्यामुळे चॉकलेट बंद केलंय, त्याऐवजी थापल्या थापल्या वरून भाजलेले तीळ दाबून लावते, आणि मुलगा म्हणतो चॉकलेटपेक्षा हेच बरं, फक्त तीळ जरा जास्त टाक.