क्रॅक डेप्थ मीटर: एक ऑफ-सीझन वापरल्यानंतर

साखर कारखान्यातल्या मिल रोलरच्या शाफ्टला जर्नलपाशी (बेअरिंगमध्ये फिरणारा भाग), फिलेटमध्ये (जाडी बदलते तिथल्या गोलाईत) क्रॅक जातात, हे मेंटेनन्सवाल्यांना सांगायला नको. डीपी (डाय पेनिट्रंट, म्हणजे क्रॅकमध्ये शिरणारा रंग) मारली की लाल रेघ उमटते, मॅग्नेटिक टेस्टला क्रॅकवर लोखंडी पावडर गोळा होते. पण दोन्हींतून कळते फक्त लांबी. शाफ्ट ठेवायचा की काढायचा, हे ठरतं खोलीवर. म्हणून एसी पोटेन्शियल ड्रॉपचं मीटर घेतलं.

काम सरळ आहे. दोन पिनांतून करंट सोडायचा, मधल्या दोन पिनांवर व्होल्टेज मोजायचं. साध्या पोलादात काही किलोहर्ट्झचा करंट पृष्ठभागालगत, मिलिमीटरभरही आत न जाता वाहतो. वाटेत क्रॅक आला की एका भिंतीने खाली उतरून दुसरीने वर येतो. वाट लांबली, व्होल्टेज वाढलं. आमच्या मधल्या पिनांत 10 मिमी अंतर आहे. चांगल्या जागी 100 आणि क्रॅकवर 160 आलं, तर वाढलेली वाट 6 मिमी, म्हणजे खोली 3 मिमी. अशाच एका जागी ग्राइंडरने उकरत, मध्ये मध्ये डीपी मारत गेलो. रेघ 3 मिमीच्या जरा खाली संपली. तेव्हापासून माझा या मीटरवर भरवसा बसला.

तरी आलेलं रीडिंग मी ‘किमान इतकं’ असंच धरतो. क्रॅकच्या भिंती आत कुठे एकमेकींना टेकल्या असतील तर करंट तिथूनच पलीकडे जातो आणि खोली कमी दिसते. शाफ्ट दोन्ही टोकांना टेकवून क्रॅक खालच्या अंगाला फिरवल्यावर रीडिंग वाढलेलं मी पाहिलंय, त्यामुळे आता दोन्ही बाजूंनी मोजतो. क्रॅक तिरका असेल तर आकडा तिरक्या लांबीचा येतो. लांबीने आखूड क्रॅकला करंट वळसा घालून जातो, तिथेही कमीच दाखवतो.

304 स्टेनलेसवर हा हिशोब चालत नाही. 5 किलोहर्ट्झलाही करंट तिथे 6 मिमीच्या आसपास आत जातो, त्यामुळे उथळ क्रॅक नीट मोजला जात नाही. पृष्ठभागापर्यंत न आलेला, पोटातला दोष शोधायला अल्ट्रासॉनिकच हवं. त्याचं काम या मीटरकडून होणार नाही.

रंग, गंज घासून चकचकीत धातू काढल्याशिवाय पिना टेकवू नका. टोकं लवकर बोथट होतात आणि आकडा नाचायला लागतो. घेणार असाल तर जादा पिना ऑर्डरमध्येच लिहा. आमच्या सप्लायरने नंतर मागितल्यावर ऐन ओव्हरहॉलिंगमध्ये कित्येक आठवडे थांबवलं.