नागेश्वरच्या मुक्कामाची ‘परवानगी’ विकली जातेय, पैसे देऊ नका

कोयना धरणात ज्यांची गावं गेली आणि जे आता सांगली-साताऱ्याकडे वसलेत, अशा घरांना हेरून एक माणूस नागेश्वरची यात्रा विकतोय. आमच्या भावकीला त्याने लुबाडलं. दुसऱ्या कुणाचे पैसे जाऊ नयेत म्हणून झालं ते सविस्तर लिहितोय.

नागेश्वर म्हणजे वासोटा किल्ल्याच्या पल्याड, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर गुहेत असलेलं शंकराचं ठाणं. वरच्या खडकातून पाणी थेंबाथेंबाने ठिबकत असतं. महाशिवरात्रीला कोकणातली माणसं चोरवणे गावाच्या बाजूने चढून येतात. आपल्याला जायचं तर साताऱ्याहून कासमार्गे बामणोली, तिथून शिवसागर जलाशयातून बोट आणि मग दाट रानातली चढण. धरणाआधी आमच्या वाडवडिलांना बोट लागत नव्हती, ते खोऱ्यातूनच चालत जायचे. माझे थोरले चुलते, अण्णा, पोरवयात वडिलांबरोबर गेलेले. पाय चालतायत तोवर आणखी एकदा दर्शन व्हावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

त्या माणसाने नेमकं हेच धरलं. पाहुण्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून त्याने अण्णांचा नंबर मिळवला आणि गोड आवाजात सांगितलं, “अण्णा, मूळ गावकऱ्यांना वनखात्याने नागेश्वरला एक रात्र मुक्कामाची खास सवलत दिलीय. रात्री भजन, पहाटे अभिषेक, दुपारपर्यंत परत.” वयस्कर माणसांना एका दिवसात जाऊन येणं झेपत नाही, त्यामुळे मुक्काम म्हटल्यावर घरोघरी तयारी सुरू झाली. आक्कांनी अभिषेकाचं सामानसुद्धा बांधून ठेवलं.

दर माणशी १,८०० रुपये ठरले. आधी ५०० घेतले. मग ‘परवाना निघाला’ म्हणून गोल शिक्क्याचं एक पत्र मोबाइलवर आलं आणि बाकीचे ‘वनखात्यात भरायचेत’ म्हणून त्याने स्वतःच्याच यूपीआयवर मागून घेतले. पत्रात आमच्यापैकी एकाचंही नाव नव्हतं. ‘एकूण व्यक्ती’ आणि पुढे आकडा, बस्स.

बामणोलीला त्याने दुपारी तीनला बोलावलं होतं. मुक्कामच आहे म्हटल्यावर कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. तोवर त्याचा फोन बंद झालेला आणि वासोट्याकडच्या बोटी सकाळीच गेलेल्या. म्हणजे पैसे तर गेलेच, पण त्या दिवशी स्वतःच्या हिमतीवर जायची वाटही त्याने बंद करून ठेवली होती. पत्र खोटं आहे, हे वनखात्याच्या माणसाने बघताक्षणी सांगितलं. अण्णा घाटावर पाण्याकडे तोंड करून बसले. त्या पाण्याखाली त्यांचं गाव आहे. त्यांच्यासमोर काय बोलावं ते आम्हाला सुचेना. माणसाच्या देवाच्या ओढीवर असा धंदा करणाऱ्याला माझ्या लेखी क्षमा नाही.

खरी पद्धत अशी आहे. हा भाग कोयना अभयारण्यात आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. वासोट्याच्या रानात मुक्काम करू देत नाहीत. सकाळी जायचं आणि अंधाराच्या आत बोटीने परत यायचं, मग तुम्ही मूळ गावकरी असा नाहीतर पुण्या-मुंबईचे. पावसाळ्यात वाट बंद असते. वनखात्याची परवानगी बामणोलीतच, जाणाऱ्यांची नावं देऊन काढतात. बोट तिथल्या बोट क्लबवरून ठरवायची, आणि भाडं माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं. म्हणून कुणी माणशी दर सांगून त्यात ‘परवाना फी’ धरत असेल, तर कुठली रक्कम कशाची ते वेगवेगळं विचारा आणि वनखात्याची पावती मागा. आम्हाला फसवणाऱ्या त्या माणसाकडे आक्कांनी पावती मागितली होती. “देवाच्या कामात पावती कसली?” असं म्हणून त्याने विषय बदलला होता.

असे पैसे गेले तर लगेच, त्याच तासाला १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत फिरवली जाते आणि मग बँकेला अडवता येत नाही. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चॅट, ते खोटं पत्र, काहीही पुसू नका. आम्ही तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

गेल्या आठवड्यात गुहेचा फोटो आणि आम्हाला सांगितला होता तोच मजकूर दुसऱ्या नंबरवरून विट्याच्या पाहुण्यांना आला. तुमच्याकडेही आला असेल तर नंबरासकट जपून ठेवा आणि पोलिसांना दाखवा; आमच्या तक्रारीलाही त्याचा आधार होईल.