चौदा महिन्यांच्या वापरानंतर : मागच्या चाकांवर चालणारी इलेक्ट्रिक व्हीलचेअर

हाताने ढकलायची व्हीलचेअर मी एकोणीस वर्षे वापरली आणि अखेर माझ्या खांद्यांनी हात टेकले. चाकाची कडी रोज शेकडो वेळा ढकलल्यामुळे खांद्यातील स्नायू आणि कंडरा झिजणे हे दीर्घकाळ व्हीलचेअर वापरणाऱ्यांमध्ये नेहमी आढळते, आणि खांदा गेला की पलंगावरून खुर्चीत सरकणेही कठीण होऊन बसते. म्हणून मी इलेक्ट्रिक व्हीलचेअर घेतली. तिची चौकट पक्की, न दुमडणारी आहे. मागच्या दोन चाकांना दोन स्वतंत्र मोटारी आहेत, बसणीखाली १२ व्होल्टच्या ५० अँपिअर-तास क्षमतेच्या दोन जेल बॅटऱ्या आहेत, कमाल वेग ताशी ६ किलोमीटर आणि वजन पेलण्याची मर्यादा १२० किलो आहे. याच रचनेच्या खुर्च्या वेगवेगळ्या नावांनी विकल्या जातात, त्यामुळे हे परीक्षण एका नावाचे नसून या प्रकारच्या खुर्चीचे आहे असे समजावे.

आधी निकाल सांगते : खुर्ची उत्तम आहे, सोबत मिळालेली गादी वाईट आहे, आणि माहितीपुस्तिका सुरक्षिततेच्या दृष्टीने अपुरी आहे. या तिसऱ्या उणिवेबद्दलच मला सर्वाधिक लिहायचे आहे, कारण खुर्ची विकत घेताना आपण मोटारीची ताकद आणि एका चार्जिंगमध्ये कापले जाणारे अंतर विचारतो, पण प्रत्यक्षात जीव अवलंबून असतो तो ब्रेकवर, आणि ब्रेक कसा काम करतो हे विकणारा क्वचितच समजावून सांगतो.

या खुर्चीला सायकलसारखा दाबायचा ब्रेक नाही. जॉयस्टिक, म्हणजे खुर्ची चालवण्याची हाताशी असलेली लहान दांडी, सोडली की मोटारीच खुर्चीचा वेग उतरवतात आणि खुर्ची थांबल्यावर ‘टक्’ असा आवाज येऊन विद्युतचुंबकीय ब्रेक लागतो. हा ब्रेक स्प्रिंगच्या जोराने कायम लागलेलाच असतो आणि वीज मिळाली तरच सुटतो. याचा अर्थ असा की बॅटरी संपली, वायर निघाली किंवा खुर्ची बंद केली तरी ब्रेक लागलेलाच राहतो, आणि हा विचार मला फार मोलाचा वाटतो. मात्र प्रत्येक मोटारीजवळ एक लहान तरफ असते. ती फिरवली की ब्रेक सुटतो आणि बंद पडलेली खुर्ची दुसऱ्या माणसाला ढकलता येते. उतारावर हीच तरफ फिरवली, तर खुर्चीला अडवणारे काहीही उरत नाही.

माझ्या बाबतीत हे तिसऱ्या आठवड्यात घडले. रॅम्पवर अर्ध्यात खुर्ची थांबली होती, मदतीला आलेल्या एका सज्जनांनी ढकलणे सोपे व्हावे म्हणून दोन्ही तरफा फिरवल्या आणि माझ्यासकट सुमारे दीडशे किलोचा भार मागे सरकू लागला. मागे भिंत होती आणि अंतर हातभरच होते, म्हणून कोणालाही इजा झाली नाही. त्या गृहस्थांचा यात काही दोष नव्हता. तरफेवर एक अस्पष्ट चित्र सोडले तर काहीही लिहिलेले नाही. मी दोन्ही तरफांवर लाल चिकटपट्टी लावली आहे आणि मदतीला येणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगते की मी बसलेली असताना, सपाट जागा सोडून कोठेही, या पट्टीला हात लावायचा नाही. तरफ सुटलेली असेल तर खुर्चीचा कंट्रोलर मोटारी चालू होऊ देत नाही आणि जॉयस्टिकवरील दिवे लुकलुकतात, ही सोय मात्र निर्मात्याने नेमकी केली आहे.

आणखी एक गोष्ट पुस्तिकेत शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे, ती पहिल्या पानावर असायला हवी होती. घाबरून खुर्ची थांबवायची झाली तर चालू-बंदचे बटण दाबू नये, जॉयस्टिक सोडावी. धावत्या खुर्चीची वीज एकदम तोडली तर ब्रेक क्षणात बसतो आणि बसलेला माणूस पुढे फेकला जाऊ शकतो. ते बटण जॉयस्टिकने ऐकणेच सोडले तर वापरायचे. पट्टा लावलेला असणे येथे निर्णायक ठरते, आणि तो पोटावर नव्हे तर कमरेच्या हाडावर, मांडीच्या सांध्याजवळून तिरका गेलेला असावा; पोटावर बांधलेला पट्टा धक्क्यात माणसाला खाली घसरू देतो आणि आतल्या अवयवांवर दाब आणतो.

चढ-उताराबद्दल माझे मत अनुभवाने बदलले. सार्वजनिक इमारतींसाठी बहुतेक ठिकाणी मानला जाणारा रॅम्पचा उतार १:१२ असतो, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी, आणि अंशात सांगायचे तर पाचपेक्षा किंचित कमी. या खुर्चीची लिहिलेली मर्यादा ८ अंश आहे आणि १:१२ चा रॅम्प ती सहज चढते. पण ती मर्यादा सरळ चढण्याची आहे, तिरके जाण्याची किंवा मध्येच वळण्याची नव्हे. मोटारी मागे असल्यामुळे बहुतेक वजन मागच्या चाकांवर येते. त्यामुळे सरळ रस्त्यावर ती स्थिर धावते, पण चढावर पुढची लहान चाके हलकी पडतात. चढताना अंग किंचित पुढे झुकवावे, वेग मध्यम ठेवावा आणि मध्येच थांबून पुन्हा झटक्याने सुरू करू नये. पाठीमागे दोन लहान चाके खुर्ची मागे उलटू नये म्हणून लावलेली असतात. उंबरठा ओलांडताना ती अडतात म्हणून अनेक जण ती काढून ठेवतात, आणि मला हे फार धोक्याचे वाटते. पाठीला जड पिशवी अडकवण्याची सवयही मी सोडली, कारण पाच किलोची पिशवी सपाट जमिनीवर जाणवत नाही, चढावर लगेच जाणवते.

उतार उतरताना मी वेगाच्या पाच टप्प्यांपैकी दुसऱ्याच्या वर जात नाही. माझ्या मोजणीत पूर्ण वेगात सपाट फरशीवर खुर्ची थांबायला सुमारे एक मीटर लागतो. उतारावर त्याहून बरेच अधिक लागते, आणि ओल्या फरशीचा तर अंदाजच करता येत नाही.

आता बॅटरीविषयी. पुस्तिकेत एका चार्जिंगमध्ये ३० किलोमीटर असे लिहिले आहे. मला १९ ते २० मिळतात. यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही, कारण हे आकडे सपाट, कठीण पृष्ठभागावर, नव्या बॅटरीने केलेल्या मोजणीवरून काढलेले असतात, आणि रोजच्या वापरात चढ, खडबडीत रस्ता, वारंवार थांबणे-सुरू होणे आणि टायरमधील कमी हवा हे सगळे त्यातून वजा होते. मात्र खरेदी करणाऱ्याने आपली रोजची गरज मोजून तिच्या दुप्पट आकडा लिहिलेली खुर्ची घ्यावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. जॉयस्टिकवरील बॅटरीचे दिवेही जपून वाचावे लागतात. ते व्होल्टेजवर चालतात, त्यामुळे चढावर दोन दिवे विझतात आणि सपाटीवर आल्यावर पुन्हा लागतात. खुर्ची काही वेळ उभी राहिल्यावर जे दिसते तेच विश्वासार्ह.

जेल बॅटरी ही शेवटी शिसे-आम्लाचीच बॅटरी आहे, फक्त तिच्यातील आम्ल घट्ट केलेले असते आणि तिच्यात पाणी घालावे लागत नाही. तिचा शत्रू आहे रिकामे पडून राहणे. बॅटरी उतरत जाते तसे तिच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट साचते. लगेच चार्ज केले तर ते विरघळते, पण दिवसेंदिवस तसेच राहिले तर कठीण होते आणि तेवढी क्षमता कायमची जाते. म्हणून दिवसात खुर्ची थोडीच फिरली असली तरी मी रोज रात्री ती चार्जिंगला लावते आणि चार्जरचा हिरवा दिवा लागेपर्यंत, म्हणजे आठ ते दहा तास, मध्येच काढत नाही. महिनाभर परगावी जायचे असेल तर पूर्ण चार्ज करून ठेवावी आणि कोणाला तरी मध्ये एकदा पुन्हा लावायला सांगावे. चार्ज होताना या बॅटऱ्यांतून थोडा हायड्रोजन बाहेर पडू शकतो, त्यामुळे खोली हवेशीर असावी, जवळ ज्योत नसावी आणि चार्जरवर कपडे वाळत घालू नयेत. प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटला लावावा. बॅटऱ्या बदलण्याची वेळ आली की दोन्ही एकाच वेळी, एकाच जातीच्या बदलाव्या लागतात. एक जुनी आणि एक नवी जोडली तर जुनी नवीलाही ओढून नेते.

खुर्ची दुरुस्तीला गेली तेव्हा तीन आठवडे मी २७ किलोची, दुमडणारी, लिथियम बॅटरीची खुर्ची वापरली, आणि तुलना करणे भाग आहे. ती गाडीच्या डिकीत जाते, चार तासांत चार्ज होते, आणि तिची २४ व्होल्ट, १२ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे २८८ वॉट-तास. विमानप्रवासात काढता येणाऱ्या एका लिथियम बॅटरीसाठी साधारणपणे पाळल्या जाणाऱ्या ३०० वॉट-तासांच्या मर्यादेत ती बसते, तरी विमान कंपनीला आधी कळवावेच लागते. पण हलकेपणामुळे ती खड्ड्यात उसळते आणि तिची पाठ सरळ बसू देत नाही. लिथियमची निगाही वेगळी : तिला खूप दिवस पूर्ण भरलेली ठेवू नये, अर्धी भरून ठेवावी, आणि पडलेली किंवा फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करण्याचा मोह टाळावा, कारण अशी बॅटरी पेट घेऊ शकते. एकाचा चार्जर दुसऱ्याला कधीही लावू नये, प्लग बसत असला तरीही. प्रवास जास्त आणि बसणे कमी असेल त्यांनी ती घ्यावी. माझ्यासारखे जे दिवसाचे दहा-दहा तास खुर्चीत काढतात, त्यांच्यासाठी ती नाही.

त्या दहा तासांमुळेच गादीबद्दल माझी तक्रार गंभीर आहे. सोबत आलेली ५ सेंटीमीटरची फोमची गादी दोन महिन्यांत बसली. तपासणी सोपी आहे : बसलेल्या माणसाच्या बसायच्या हाडाखाली गादीच्या खालून तळहात सरकवावा, हाड थेट हाताला लागले तर गादी संपली. ज्यांना त्या भागात संवेदना नसते त्यांना दुखत नाही, आणि जखम दिसेपर्यंत आत खोलवर इजा झालेली असते. बेडसोर, म्हणजे सततच्या दाबाने होणारी अशी जखम, भरायला महिने लागतात, त्यातून जंतुसंसर्ग होऊन माणूस दगावूही शकतो. मी हवेच्या कप्प्यांची गादी वेगळी घेतली आणि तरीही दर वीस-पंचवीस मिनिटांनी एकदा पुढे, एकदा बाजूला झुकून वजन हलवते. गादीमुळे बसण्याची उंची वाढली, म्हणून फूटरेस्टही पुन्हा जुळवावे लागले. ते जमिनीपासून सुमारे ५ सेंटीमीटर वर असावेत, नाहीतर रॅम्पच्या तोंडाशी आपटतात. त्यांच्यावर उभे राहून खुर्चीतून कधी उतरू नये, खुर्ची पुढे कलंडते; आणि चढता-उतरताना खुर्ची बंदच असावी, बाहीचे टोक जॉयस्टिकला लागले तरी ती चालू पडते.

देखभाल मला वाटली होती त्यापेक्षा कमी लागते, पण चुकवून चालत नाही. दर आठवड्याला टायरमधील हवा तपासते, टायरच्या कडेवर छापलेल्या दाबाप्रमाणे. एका बाजूला हवा कमी असेल तर खुर्ची त्याच बाजूला ओढते आणि माणूस जॉयस्टिकला दोष देत राहतो. महिन्यातून एकदा घरातले कोणीतरी पाना घेऊन सगळे बोल्ट हलके तपासते आणि पुढच्या लहान चाकांच्या आसाला गुंडाळलेले केस व दोरे कात्रीने काढते. तेथे दरवेळी आश्चर्य वाटावे इतके केस निघतात. पुसायला ओलसर फडके पुरते. पाण्याची नळी मुळीच वापरू नये.

पाण्याचा विषय आला म्हणून दुरुस्तीची हकीकत सांगते. जॉयस्टिकच्या बुडाशी रबराचे एक घडीदार आवरण असते. त्याला बारीक चीर गेली होती, मी ती पाहिली होती आणि दुर्लक्ष केले. एका पावसात पाणी आत गेले, खुर्ची सुरू होईना आणि दिवे एका ठरावीक संख्येने लुकलुकत राहिले. ही संख्या म्हणजेच बिघाडाचा संकेत असतो. तो मोजून सांगितला तर तंत्रज्ञाला येण्याआधीच कोणता भाग लागेल हे कळते. विक्रेत्याने मात्र फोनवर ती संख्या विचारली नाही, मी सांगितली तर लिहून घेतली नाही, आणि तंत्रज्ञ पहिल्या फेरीत रिकाम्या हाताने आला. त्यामुळे चार दिवसांचे काम तीन आठवडे चालले. ज्या वस्तूवाचून माणूस पलंगावरून उठू शकत नाही, तिच्या दुरुस्तीबद्दल अशी ढिलाई मला क्षम्य वाटत नाही. खरेदी करण्यापूर्वी विक्रेत्याला एवढे तरी विचारावे की खुर्ची दुरुस्तीला गेली तर बदली खुर्ची देणार का, आणि ते उत्तर बिलावर लिहून घ्यावे.

गाडीतून प्रवासाबद्दल एक मर्यादा नोंदवते. वाहनात बसण्याची जागा म्हणून वापरायच्या खुर्चीची धडक-चाचणी आयएसओ ७१७६-१९ या मानकाप्रमाणे होते आणि अशा खुर्चीच्या चौकटीवर पट्टे अडकवण्याच्या चार जागी हुकाचे चिन्ह असते. या खुर्चीवर ते चिन्ह नाही. म्हणून गाडीत मी सीटवर सरकते आणि रिकामी खुर्ची चारही बाजूंनी बांधून घेते. हे विक्रीच्या वेळी मला सांगितले गेले असते तर कदाचित मी दुसरी खुर्ची निवडली असती, कारण सरकण्याचा तो त्रास वाचवण्यासाठीच तर मी हाताची खुर्ची सोडली होती.