ग्राइंडरपासून मेडिकल चौकापर्यंत: एचआयव्ही टाळायला कोणतं अ‍ॅप किती कामाचं?

शनिवारी रात्री अकराला कंडोम फाटला, तर पेपच्या, म्हणजे धोका झाल्यावर एचआयव्ही टाळायला घ्यायच्या गोळ्या सुरू करायची मुदत मंगळवारी रात्री अकराला संपते. एकूण ७२ तास. आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशनाचं सरकारी केंद्र, ओपीडीच्या वेळेत चालतं, रविवारी बंद असतं. सोमवारी सकाळी नऊला दार उघडेपर्यंत ३४ तास गेलेले असतात, आणि पेपचा उपयोग तासागणिक कमी होत जातो. नागपुरातल्या गे पुरुषांच्या फोनमधली अ‍ॅप्स आम्ही याच हिशेबावर तपासली: घाबरलेल्या माणसाला ती वेळेत योग्य दाराशी नेतात का?

डेटिंग अ‍ॅप्स इथे कमी पडतात. ग्राइंडरवर लैंगिक आरोग्याची माहिती आहे आणि ती चांगली आहे, पण ‘भाऊ, निरोध फाटला न, आता काय करू?’ असं रात्री विचारणाऱ्याला नागपुरातला पत्ता तिथे सापडत नाही. नाको या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या अ‍ॅपवर जवळचं केंद्र शोधता येतं. दिवसा त्याचा उपयोग होतो. रात्री सरळ १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा नंबर लावावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो. किंवा मेडिकल नाहीतर मेयो या सरकारी रुग्णालयाची कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग) गाठावी आणि आडवळण न घेता सांगावं: ‘असुरक्षित संबंध आला, इतके तास झाले, पेप हवं आहे.’ सरकारी दवाखान्यात हे औषध मुख्यतः सुई टोचलेल्या कर्मचाऱ्यांसाठी आणि अत्याचारग्रस्तांसाठी धरलेलं असतं. नाही म्हटलं तर वाद घालत बसू नका, खासगी फिजिशियनकडे जा. टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्हुडीन ३०० आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम एकाच गोळीत येतात. रोज एक, २८ दिवस. सुरू करताना एचआयव्हीची तपासणी लागते. दहाव्या दिवशी ‘बरं वाटतंय’ म्हणून गोळी सोडणं ही नेहमीची चूक.

कंडोम कशामुळे फाटतो, हेही अ‍ॅप्स नीट सांगत नाहीत. घरात खोबरेल तेल असतंच, तेच हाताशी येतं. तेल आणि व्हॅसलीन दोन्ही लॅटेक्स कमजोर करतात. औषधाच्या दुकानात पाण्यावर आधारित ल्युब मागा.

ग्राइंडर खरं कामाला येतं ते तपासणीच्या आठवणीसाठी. प्रोफाइलमध्ये एचआयव्ही स्टेटस आणि शेवटच्या तपासणीची तारीख टाकता येते, तीन किंवा सहा महिन्यांचं रिमाइंडरही लावता येतं. जोडीदार बदलत असतील तर तीन महिन्यांचंच लावा. मात्र दुसऱ्याच्या प्रोफाइलवर ‘निगेटिव्ह’ दिसलं म्हणून कंडोम बाजूला ठेवू नका. साध्या रॅपिड तपासणीत ताजा संसर्ग दिसायला तीन महिन्यांपर्यंत लागू शकतात. तारखेनंतर काय घडलं ते तर त्या शब्दात नसतंच. याउलट ‘पॉझिटिव्ह, अनडिटेक्टेबल’ वाचून पुष्कळ जण ब्लॉक करतात, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. नियमित औषध घेऊन ज्याचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सहा महिने किंवा जास्त अनडिटेक्टेबल, म्हणजे तपासणीत न सापडण्याइतका कमी, राहिला आहे, त्याच्याकडून संभोगातून एचआयव्ही पसरत नाही.

स्वतःचं स्टेटस भरायचं का, हे मात्र विचार करून ठरवा. वापरणाऱ्यांचं एचआयव्ही स्टेटस ग्राइंडरने दोन बाहेरच्या कंपन्यांना पुरवल्याचं २०१८ मध्ये उघड झालं. त्यानंतर कंपनीने ते थांबवलं. नागपुरात अडचण वेगळीच. धरमपेठेत बसून अ‍ॅप उघडलं की ‘४०० मीटर’वर ओळखीचाच चेहरा निघतो. म्हणून आधी अंतर दाखवणं बंद करा आणि लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसू देऊ नका. रिमाइंडर फोनच्या कॅलेंडरमध्ये ‘दात दाखवणे’ या नावानेही लावता येतो, काम तेच होतं.

प्रेपसाठी, म्हणजे एचआयव्ही टाळायला संबंधाआधीच सुरू करायच्या गोळ्यांसाठी, वेगळं अ‍ॅप लागतच नाही, फोनचा अलार्म पुरतो. टेनोफोव्हिर ३०० आणि एमट्रिसिटाबिन २०० मिलिग्रॅमची गोळी रोज घेता येते किंवा गरजेपुरती. गरजेपुरतीचा हिशेब असा: भेट शनिवारी रात्री दहाला असेल तर संध्याकाळी सहाला दोन गोळ्या, रविवारी सहाला एक, सोमवारी सहाला एक. पहिल्या दोन गोळ्या संबंधाच्या २ ते २४ तास आधी पोटात हव्यात. रविवारी पुन्हा संबंध आला तर शेवटच्या संबंधानंतर दोन दिवस रोज एक चालू ठेवायची. आधी एचआयव्ही, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि हिपॅटायटिस बी तपासून घ्या. हिपॅटायटिस बी असेल तर ही गरजेपुरती पद्धत नको. चिठ्ठीशिवाय कोणाच्या उरलेल्या गोळ्या मागून घेऊ नयेत.

अ‍ॅपवर संस्थांचे आउटरीच वर्करही भेटतात. सारथी ट्रस्टसारख्या संस्था नागपुरात या समाजासोबत काम करतात. आमच्या मते सगळ्यात जास्त काम होतं ते इथे, पण मेसेज नीट हवा. ‘एचआयव्ही हा गंभीर आजार असून...’ असा परिच्छेद आणि खाली लिंक, हे शंभर जणांना पाठवलं की स्पॅम म्हणून तक्रार होते, प्रोफाइल बंद पडतं. चालतो तो मेसेज असा: ‘हाय, मी संस्थेचा माणूस आहे, डेटसाठी नाही. टेस्ट, कंडोम, प्रेप, काहीही विचार. रोज रात्री ९ ते ११ असतो.’ समोरून ‘कोण आहेस बे?’ आलं तरी ते बोलण्याची सुरुवात समजावी. तपासणीला सोबत यायची तयारी दाखवली की कधी येऊ, हा प्रश्न बहुधा समोरूनच येतो.

आयसीटीसीत तपासणी मोफत असते, आधी आणि नंतर काउन्सेलर बोलतो. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर प्रौढ पुरुषांचा संमतीचा संबंध गुन्हा नाही, तेव्हा काउन्सेलरपासून काही लपवायचं कारण नाही.

अ‍ॅपवरून बोलावून व्हिडिओ काढणं आणि पैसे उकळणं, हेही घडतं. पहिली भेट सीताबर्डीसारख्या गर्दीच्या ठिकाणी, चहावर ठेवा. कोणी धमकावलं तर एक रुपयाही पाठवू नका, चॅटचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि ११२ लावा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.